डाव्या कानातला दादा

९ नोव्हेंबर

तीर्थरूप वहिनी,

साष्टांग नमस्कार.

तब्येत कशी आहे? "बरी आहे" एवढ्यावर भागवू नका. ते डॉक्टरला सांगायचं असतं, घरच्यांना नाही. गुडघा जिना चढू देतो का? लेक कशी आहे, कचेरीतून आल्यावर दोन घास तरी नीट खाते का? जावईबापूंची पाठ काय म्हणते? नात पाढे म्हणते, की आजीलाच म्हणायला लावते? आणि खिडकीत येणारं ते मांजर, ज्याला तुम्ही "आमचं नाही हो" म्हणता आणि रोज दूध घालता, ते मजेत ना?

आमचं ठीक चाललंय. तुमच्या धाकट्या जावेचं डोकं अधूनमधून दुखतं. ती म्हणते, माझ्यामुळे. डाव्या बाजूनं बोललं तर यांना ऐकू येत नाही आणि उजव्या बाजूनं बोललं तर हे ऐकत नाहीत, अशी तिची तक्रार. मी म्हटलं, वखारीतल्या करवतीनं चाळीस वर्षांत एक कान खाल्ला, दुसरा तुझ्यासाठी जपून ठेवलाय. तर म्हणाली, "तोच आधी खायला हवा होता."

आता मुद्द्याचं. परवा बेकरीत गेलो होतो. बेकरीच्या बाईंनी ताजा पाव हातात दिला आणि पैसे घ्यायच्या आधीच विचारलं, "काका, यंदा सुट्टीची गाणी?"

मी म्हटलं, "बाई, अर्धी गाडी कधी चालते का?"

त्या म्हणाल्या, "एका चाकाची चालते की. माती वाहतात तिच्यातून."

बाईंच्या तोंडाला लागण्यात अर्थ नाही. वर्षाचा शेवटचा शनिवार, दुपारी चार वाजता, मागची खोली, पिठाची पोती भिंतीकडे सरकवून तीस खुर्च्या. सगळं नेहमीचंच. फक्त दादा नाही.

वहिनी, तुम्हाला माहीतच आहे, आम्ही दोघं कुणाकडे शिकलो नाही. एक जुनी गिटार दोघांत मिळून आणली, मग दुसरी. दादा चाल वाजवायचा आणि मी साथ द्यायचो. घरी परतणाऱ्यांचं गाणं, थंडीचं गाणं, दिव्यांचं गाणं, वर्षाला निरोप द्यायचं गाणं, सगळ्यांत तो पुढं आणि मी मागं. चाळीस वर्षांत मी चाल वाजवायला शिकलोच नाही. गरज काय होती? घरात मोठा भाऊ असताना किल्ली कोण सांभाळतो?

म्हणून एक मागणं आहे. दादाची गिटार तुम्ही लेकीकडे राहायला जाताना बरोबर नेलीत, ती महिनाभरासाठी पाठवाल का? माझ्या डाव्या हाताला त्याची खुर्ची मांडतो, तिच्यावर ती ठेवतो. मग माझा हात चालेल असं वाटतं. नुसत्या रिकाम्या खुर्चीला साथ देता येत नाही हो.

वाट पाहतो.

तुमचा,
भाऊजी


२० नोव्हेंबर

चि. भाऊजी,

अनेक आशीर्वाद.

गुडघा कुरकुरतो, पण माझ्यापेक्षा कमीच. लेकीचा घास कचेरीतच जातो, जावयांच्या पाठीला पट्टा बांधलाय, नात सातच्या पाढ्यावर अडून बसलीय आणि मांजर आमचं नाही. धाकटीला सांगा, डोकं दुखलं तर तुम्हाला बेकरीत पिटाळून निजावं.

तुम्ही वाजवा, भाऊजी. बाई म्हणतात ते बरोबर आहे. लोक वर्षभर त्या दुपारची वाट बघतात. तुमचे दादा असते तर हेच म्हणाले असते.

गिटारीचं मात्र जमायचं नाही. इथं येताना सामानात ती आपटली, दांडीला तडा गेलाय. तशी पाठवली तर वाटेत दोन तुकडे होतील. शिवाय ती माळ्यावर ठेवलीय, आणि माळ्यावर चढणारं घरात कुणी नाही. जावयांची पाठ तुम्हाला सांगितलीच.

खुर्ची मांडायची तर मांडा. तिच्यावर कोट ठेवा त्यांचा. तुमच्याकडे राहिलेला करडा कोट आहे ना? तो थंडीत तुम्हीच घातलात तर अधिक बरं.

नात हाक मारतेय, सात साते किती ते विचारतेय. थांबते.

तुमची,
वहिनी


२७ नोव्हेंबर

तीर्थरूप वहिनी,

साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून हसू आलं आणि मग आलं नाही. चाळीस वर्षं लाकूड कापणाऱ्या माणसाला तुम्ही तड्याचं भय घालता? तडा म्हणजे सरस, दोन शिकंजे आणि एक रात्र. मी दहा तारखेच्या गाडीनं येतो. माळ्यावर मीच चढेन. तुम्ही फक्त शिडी धरा, नाहीतर तीही नको.

पण वहिनी, मला काही वेगळंच वाटायला लागलंय. तुम्हाला ती गिटार माझ्या हाती द्यायची नाही. का, ते मी चार दिवस शोधतोय.

मागच्या वर्षी गाणी संपल्यावर मी दादाच्या पाठीवर थाप मारली होती. म्हटलं, "दादा, चाळीस वर्षांत इतकं गोड वाजवलं नाहीस." तो हसला नुसता. गिटार पेटीत ठेवून कितीतरी वेळ कड्या लावत बसला. आणि दोन महिन्यांत गेला. झोपेत गेला, कुणाला हाक न मारता. माझीच दृष्ट लागली का त्याला? तुम्हाला तसं वाटतं का? वाटत असेल तर स्पष्ट लिहा. मी रागावणार नाही. मलाच तसं वाटतं, तर तुमच्यावर कसा रागावू?

आता जे लिहितो ते तुमच्या जावेलाही ठाऊक नाही.

मला दादा ऐकू येतो.

उन्हाळ्यापासून येतो. वखारीत अजून आठवड्यातून तीन दिवस जातो. दुपारी करवत बंद झाली, पट्टा फिरायचा थांबला आणि भुसा खाली बसायला लागला, की डाव्या कानात सुरू होतं. ज्या कानाशी तुमच्या जावेनं ताट आपटलं तरी कळत नाही, त्या कानात, वहिनी. गिटार. नुसती चाल. तीच सुट्टीची गाणी, त्याच क्रमानं. बाकीचे विड्या ओढत बसलेले असतात, कुणाच्या चेहऱ्यावर काही नाही.

पहिल्यांदा मी भ्यालो. फळ्यांच्या थप्पीमागं जाऊन पाहिलं. म्हातारा माणूस, मांजर शोधावं तसा दादाला शोधत होतो.

आणि आणखी एक. मी जिथं साथ बदलायचो, तिथं तो थांबतो. माझ्या हातात गिटार असली आणि मी बदललं, की पुढं जातो. नसली, तर तिथंच राहतो. एकाच सुरावर. दारात उभा राहून "येतोस ना?" विचारणाऱ्या माणसासारखा. एकदा मी वखारीतून घरापर्यंत चालत आलो, जोडे न काढता गिटार उचलली आणि तो एक बदल वाजवला, तेव्हा कुठं सुटला तो. मी पण.

म्हणून मला त्याची गिटार हवी. बेकरीत तीस माणसांपुढं तो असा अडून बसला तर मी काय करू? त्याची वस्तू जवळ असली तर त्याला बसायला जागा होईल असं वाटतं. वेड लागलंय म्हणा हवं तर. पण बाईंना मी काल सांगून आलो, गिटार आली तर वाजवीन, नाहीतर नाही. यंदा नाही, पुढंही कधी नाही.

दहाला निघतो.

भाऊजी


३ डिसेंबर

चि. भाऊजी,

अनेक आशीर्वाद.

येऊ नका. म्हणजे, या, पण हे पत्र वाचून मग या. तडा नाही. मी खोटं लिहिलं. गिटार माळ्यावरही नाही, माझ्या पलंगाखाली आहे. मी ती आज उघडली.

तुम्ही येऊन ती पेटी उघडली असतीत तर तुम्हाला माझ्याशिवायच कळलं असतं. ते मला नको आहे. म्हणून सांगते.

तुमच्या दादांनी घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केलं तेव्हा सगळ्यांना सांगितलं, डोळे गेले. डोळे नव्हते गेले. हात गेले होते. घड्याळाचा बारीक स्क्रू बोटातून पडायचा आणि शोधायला वाकले की दुसरा पडायचा. डाव्या हाताची तीन बोटं आधी बधिर झाली, मग थरथरायला लागली. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार. मला शपथ घातली, "धाकट्याला सांगायचं नाही. तो वाजवायचं सोडेल." आता तुम्हीच सांगा, त्यांचं काय चुकलं? तुम्ही आता तेच करताय.

तुम्हाला आठवत असेल, शेवटची दोन वर्षं ते सरावाला येत नव्हते. "चाळीस वर्षं तीच गाणी, सराव कसला?" म्हणायचे. त्यांच्या गिटारीच्या तारांखाली हिरवं जाड कापड घातलेलं आहे, भाऊजी. दुकानातल्या मेजावर घड्याळं ठेवायचं कापड. त्याची पट्टी कापून त्यांनी स्वतःच बसवली, बोट चुकून लागलं तरी तार बोलू नये म्हणून. पट्टी कापायला त्यांना एक सकाळ लागली. मी कात्री मागितली तर दिली नाही.

ती दोन वर्षं बेकरीत त्यांनी एकही सूर वाजवला नाही. बोटं तारांवर फिरवली, पायानं ठेका धरला, एवढंच. तुम्ही त्यांच्या पायाकडे बघून वाजवता, हे त्यांना माहीत होतं. तुमचा बहिरा कान त्यांच्या बाजूला होता, हेही. ते म्हणाले, "करवतीचे उपकार झाले."

पहिल्या वर्षी गाण्यांच्या आदल्या दिवशी मी बेकरीच्या बाईंकडे गेले. म्हटलं, लोकांना सांगा, यंदा सगळ्यांनी चाल गायची, मोठ्यानं, पहिल्या ओळीपासून. त्यांनी एकेकाला पाव देताना सांगितलं. पोस्टमनला पुढच्या रांगेत बसवलं, कारण त्याचा आवाज रस्त्यापलीकडे जातो. धाकटीला मीच सांगितलं. तिच्यावर रागवायचं तर आधी माझ्यावर रागवा.

तुम्ही पाठीवर थाप मारून म्हणालात ना, इतकं गोड कधी वाजवलं नाहीस? घरी आले, कोट न काढता खुर्चीत बसले. मला म्हणाले, "त्याला ऐकू आलं गं. मी वाजवलं नाही आणि त्याला ऐकू आलं." आधी हसत होते. मग रडले. मग म्हणाले, "म्हणजे त्याला माझी चाल पाठ आहे." आणि जेवले, पोटभर. कितीतरी दिवसांनी.

तेव्हा दृष्टीचं डोक्यातून काढा. आणि ते तुम्हाला ऐकू येतं, ते मी खोटं म्हणत नाही. पण ते उन्हाळ्यापासूनचं नाही, भाऊजी. ते त्याआधी दोन वर्षांपासूनचं आहे. ते जिवंत होते, तुमच्याशेजारी बसले होते, गप्प. आणि तुमच्या कानात कोण वाजवत होतं?

मला याचं उत्तर माहीत नाही. विचार करायला लागले की अंगावर काटा येतो, म्हणून करत नाही.

पण एवढं खरं, दोन वर्षं तुम्ही एकट्यानंच वाजवलंय. गिटार हवी असेल तर पाठवते. कापड काढलेलं नाही.

तुमची,
वहिनी


१६ डिसेंबर

चि. भाऊजी,

तुम्ही दहाला आला नाहीत. पत्रही नाही. रोज जिन्यातल्या पेटीत हात घालून बघते, आणि विजेचं बिल काढून आणते. नात म्हणते, आजी, तुला बिल इतकं का आवडतं?

रागवलात ते ठीक. दोन शिव्या लिहून पाठवा, पण पाठवा. धाकटीला फोन केला, ती म्हणाली, "बोलत नाहीत. वखारीत जातात, येतात, गिटारीला हात नाही." मग तीच रडायला लागली, आणि धाकटी रडली की मला धीर सुटतो.

मी शपथ मोडली, ती तुम्ही वाजवावं म्हणून. नाही वाजवलंत तर त्यांचीही फसवणूक वाया, माझीही.

वहिनी


३० डिसेंबर

तीर्थरूप वहिनी,

साष्टांग नमस्कार.

शिव्या लिहिणार होतो. दोन पत्रं लिहून फाडली. एकात तुमच्या घरातल्या मांजरालाही सोडलं नव्हतं.

सगळ्यात जास्त राग तुमच्या जावेचा आला. जिच्या पोटात शेजारच्या घरची भाजी काय ते दुपारपर्यंत राहत नाही, तिनं ही गोष्ट दोन वर्षं पोटात ठेवली! मी आठ दिवस तिच्याशी अबोला धरला. नवव्या दिवशी ती माझ्या डाव्या बाजूला येऊन बसली आणि बोलत राहिली. बराच वेळ. मला अक्षर कळत नव्हतं, नुसता श्वास मानेवर लागत होता. शेवटी मी वळून म्हटलं, "काय म्हणतेस?" तर म्हणाली, "सगळं सांगून झालं. तिथं काही सांगितलं की मला बरं वाटतं." हसावं की रडावं? अबोला तिथं संपला.

दरम्यान कान चालूच होता. तुमचं पत्र आल्यावर वाटलं, आता बंद होईल. चोर सापडला की चोरी थांबते. पण नाही. उलट वखारीत करवत चालू असतानाही यायला लागलं. आणि आता मला कळेना की त्याला दादा म्हणावं की काय म्हणावं. दादा असेल तर तेव्हा कोण होतं? तेव्हा मीच असेन, तर आता दादा कुठं आहे? वहिनी, माणूस एकदा मेला तर सोसतो. माझा दादा तुमच्या त्या पत्रानं पुन्हा गेला, आणि या खेपेला दोन वर्षं आधीच गेला.

तेवीस तारखेला बाईंकडे गेलो. म्हटलं, "तुम्ही सगळ्यांनी मला मूर्ख बनवलंत."

त्या परातीतलं पीठ मळत होत्या, थांबल्या नाहीत. "हो," म्हणाल्या. "तीस माणसं घसा फोडून गात होती, ती काय तुमच्या दादांसाठी? ते तर वाजवतच नव्हते. ती तुमच्यासाठी गात होती. शनिवारी चारला या. गिटार नसली तरी या, खुर्च्या मांडायला माणूस हवाय."

गेलो. गिटार घेऊन गेलो.

खोलीत उबदार वास, पिठाची पोती, पोस्टमन पुढच्या रांगेत. माझ्या डाव्या बाजूला कुणीतरी दुसरी खुर्ची मांडली होती. तुमच्या जावेनं ती उचलली, माझ्याकडे न बघता, आणि स्वतः जाऊन शेवटच्या रांगेत तिच्यावर बसली.

मी लोकांना म्हटलं, "मला सगळं कळलंय. तेव्हा पहिलं गाणं कुणी गायचं नाही. मला एकदा ऐकायचंय, मी नक्की काय वाजवतो."

घरी परतणाऱ्यांचं गाणं सुरू केलं. नुसती साथ. वहिनी, काय सांगू, घराचा सांगाडा उभा करावा आणि भिंती नसाव्यात, तसं. लोक मान खाली घालून बसले होते. डावा कान गप्प. अगदी गप्प. जिथं त्यानं अडून बसावं, तिथंही काही नाही. ओळ संपली की मला वाटे, आता यावं, आता यावं. आलं नाही. घाम फुटला. पण हात थांबले नाहीत, कारण हातांना कोण आहे कोण नाही याच्याशी काही घेणं नव्हतं. ते आपले काम करत होते.

दुसऱ्या गाण्याला पोस्टमनला राहवलं नाही. त्यानं तोंड उघडलं आणि मग सगळ्यांनीच. मी पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघून वाजवलं. एरवी मी खाली बघायचो. किती वेडेवाकडे गातात हो लोक! एकाची ओळ दुसऱ्याच्या ओळीत. आणि दोन वर्षं मी ते दादाच्या गिटारीखाली झाकून ऐकत होतो.

शेवटचं, निरोपाचं गाणं. मधल्या ओळीत कान जागा झाला. स्वच्छ. इतकं जवळ की मी मान वळवली. जागा रिकामी, फरशीवर पिठाचा पातळ थर. तो वाजवत होता, पण थांबत नव्हता. माझ्या बदलाची वाट न बघता पुढं गेला. आणखी पुढं. लगबगीनं, गाडी सुटायच्या वेळेला माणूस चालतो तसा. आणि त्याच्यामागं धावायला माझी बोटं शिवशिवली. जन्मभर तेच केलं होतं मी. लोक आपल्या संथ लयीत गात होते. धावलो असतो तर तीस माणसं मागं पडली असती.

मी नाही धावलो. मनात म्हटलं, दादा, तू हो पुढं. मी येतो सावकाश.

तो गेला. त्याचं गाणं संपलं. ते संपलेलं मला कळलं, जिन्यावरची पावलं थांबलेली कळतात तसं. माझ्या अजून चार ओळी बाकी होत्या. त्या मी वाजवल्या.

त्यानंतर कान नुसता बहिरा आहे. काल वखारीत करवत बंद झाल्यावर मी मुद्दाम उभा राहिलो. भुसा खाली बसला. काहीच नाही. बरं वाटतं का म्हणून विचाराल, तर नाही वाटत अजून. भूत गेलेलं घर भुताच्या घरापेक्षा मोठं वाटतं. पण बाईंना मी पुढच्या वर्षाचा शनिवार सांगून ठेवलाय, आणि कालपासून दिव्यांच्या गाण्याची चाल बसवतोय. एकेक बोट. तुमची जाऊ म्हणते, कोंबडीला अंडं अडकल्यासारखं वाजतं.

गिटार पाठवू नका. कापड काढा, नव्या तारा घाला आणि नातीच्या हाती द्या. सातचा पाढा येत नसला तरी चालेल. कापड मात्र मला पाकिटातून पाठवा.

आणि उत्तर लिहायला वेळ लावू नका, वहिनी. शक्य तर हे वाचून झाल्याबरोबर लिहायला बसा. दोन ओळी असल्या तरी चालतील. घर फार शांत झालंय, आणि पत्र आलं की तुमची जाऊ मोठ्यानं वाचते.

तुमचा,
भाऊजी